समुद्राचा खर्ज आणि पायाखालची जमीन

भूकंप झालेला नसेल त्या दिवशी भूकंपमापकाची रेघ कशी दिसते, असे विचारले तर बहुतेक जण ‘सरळ’ असे उत्तर देतील. प्रत्यक्षात ती कधीच सरळ नसते. कॅलिफोर्नियातले यंत्र असो, जर्मनीतले असो किंवा समुद्रापासून शेकडो कोस दूर मिसुरीतल्या सेंट लुईसमधले असो, त्याच्या नोंदीत दर पाच ते आठ सेकंदांनी येणारी एक बारीक, अखंड थरथर उमटलेली असते. जमिनीचे हे हलणे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजावे लागते. माणसाला ते जाणवत नाही. उत्तर गोलार्धात ते हिवाळ्यात वाढते, उन्हाळ्यात मंदावते. थांबत मात्र नाही. शास्त्रज्ञ त्याला सूक्ष्मकंप म्हणतात आणि त्याचा उगम समुद्राच्या लाटांत आहे.

भूकंपशास्त्राच्या दृष्टीने ही थरथर जवळजवळ शंभर वर्षे केवळ कटकट होती. दूरच्या भूकंपाची नाजूक नोंद तिच्यात बुडून जाई. यंत्रे बनवणाऱ्यांनी ती गाळून टाकण्यासाठी नाना युक्त्या केल्या, आणि पुढे उपकरणांची रचनाच अशी झाली की दीर्घ लहरींसाठी एक यंत्र, ऱ्हस्व लहरींसाठी दुसरे, आणि मधला समुद्राचा पट्टा शक्यतो कोणाच्याच वाट्याला येऊ नये. गेल्या वीसएक वर्षांत हा हिशेब उलटला आहे. जे गाळून टाकले जात होते त्यावरूनच आता लॉस एंजेलिसखालच्या गाळाचा नकाशा काढला जातो आणि प्रशांत महासागरातल्या लाटांची नव्वद वर्षांची उंची मोजली जाते. मोठा भूकंप होण्याआधीच कुठली जमीन किती हादरेल, याचा अंदाजही त्यावरून बांधता येतो. कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर आपल्यापैकी हजारो कुटुंबांनी तीस-तीस वर्षांच्या कर्जावर घरे घेतलेली आहेत. त्यामुळे हा विषय केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही.

या थरथरीचा पद्धतशीर मागोवा प्रथम घेतला तो इटलीत. १८७०च्या दशकात फ्लॉरेन्समधील धर्मगुरू तिमोतेओ बेर्तेल्ली यांनी लंबक टांगून, सूक्ष्मदर्शकातून त्यांची हालचाल वर्षानुवर्षे नोंदवली. भूकंप नसतानाही लंबक हलत होते, आणि हवेचा दाब उतरला की अधिक हलत होते. पुढे १९०४ साली जर्मन शास्त्रज्ञ एमिल विखर्ट यांनी कारण सुचवले, की खडकाळ किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटांच्या दणक्याने जमीन थरथरते. ही कल्पना कोणालाही पटण्यासारखी होती. तिच्यात अडचण एकच होती. किनाऱ्यावर समुद्र शांत असतानाही पुष्कळदा थरथर वाढलेली असे.

या टप्प्यावर या कथेत मुंबई येते, आणि मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. कुलाब्याची वेधशाळा १८२६पासूनची. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या तेव्हा तिचे चुंबकीय काम अलिबागला हलवावे लागले, ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुलाब्यात भूकंपमापकही बसला होता आणि तो ज्या जिभेसारख्या भूभागावर होता त्याच्या दोन्ही बाजूंना समुद्र होता. १९२०च्या दशकात या वेधशाळेची सूत्रे सुधांशुकुमार बॅनर्जी यांच्याकडे आली. ते मूळचे कलकत्त्याचे, गणिती. पुढे भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होणारे ते पहिले भारतीय. पावसाळ्यात कुलाब्याच्या नोंदी सूक्ष्मकंपांनी भरून जात. दुसरा कोणी असता तर त्याने ते कागद बाजूला ठेवले असते. बॅनर्जींनी ते हवामानाच्या नकाशांशेजारी ठेवले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी खवळलेला समुद्र आणि खोल समुद्रातील चक्रीवादळे यांच्याशी सूक्ष्मकंपांची त्यांनी सांगड घातली. १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या मुखपत्रात भारतीय समुद्रांतील वादळी हवामान आणि सूक्ष्मकंप यांवरील त्यांचा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. किनाऱ्यावरच्या फुटत्या लाटांना ते पुरेसे कारण मानत नव्हते. खुल्या समुद्रातल्या लाटांचा दाबच तळापर्यंत पोहोचून पृथ्वीला हलवतो, असे त्यांचे म्हणणे होते. दाब तळापर्यंत पोहोचतो कसा, याचे समाधानकारक गणित तेव्हा कोणापाशीच नव्हते. पण प्रश्न योग्य जागी नेऊन ठेवण्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे, आणि या विषयाच्या पाश्चात्त्य इतिहासांत ते अनेकदा एका ओळीत उरकले जाते.

अमेरिकेत त्याच सुमारास सेंट लुईस विद्यापीठात हाच धागा पकडला गेला. हेसूस एमिलिओ रामिरेझ या कोलंबियन जेझुइट संशोधकाने तीन यंत्रे त्रिकोणात मांडली आणि थरथर कोणत्या दिशेने येते ते मोजले. ती अटलांटिकवरच्या वादळांच्या दिशेने येत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाने कॅरिबियन समुद्राभोवती अशीच त्रिकोणी ठाणी उभारून हरिकेन वादळांचा माग काढण्याचा प्रयत्न केला. टेहळणी विमाने, रडार आणि पुढे उपग्रह आल्यावर तो खटाटोप मागे पडला.

आता बॅनर्जींच्या अडचणीकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. खुल्या समुद्रात पंधरा सेकंद दोलनकाल असलेली लाट घेतली तर तिची लांबी सुमारे ३५० मीटर भरते. अशा लाटेचा दाब खाली जाताना झपाट्याने विरतो. लाटेच्या निम्म्या लांबीइतके, म्हणजे १७५ मीटर, खाली गेलात की वरच्या दाबाचा जेमतेम चार टक्के भाग उरतो. महासागराची सरासरी खोली पावणेचार हजार मीटरच्या आसपास आहे. तिथे तळावर या लाटेचा मागमूसही राहू नये. शिवाय आणखी एक विसंगती होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जॉर्ज डीकन यांनी कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील लाटांच्या नोंदी आणि लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतील सूक्ष्मकंपांच्या नोंदी शेजारी ठेवल्या. जमिनीच्या थरथरीचा दोलनकाल लाटांच्या बरोबर निम्मा होता. समुद्र चौदा सेकंदांनी एकदा हलत होता, जमीन सात सेकंदांनी.

डीकन यांच्याच गटात काम केलेल्या मायकेल लाँगे-हिगिन्स या तरुण गणितज्ञाने १९५० साली दोन्ही कोडी एकाच फटक्यात सोडवली. त्यांचे गणित सोपे नाही, पण त्यातला गाभा कोकणातल्या घराच्या झोपाळ्यावर बसून समजू शकतो. झोपाळा पुढे जाऊन मागे आला की एक झोका पूर्ण झाला. पण त्या एका झोक्यात झोपाळा मधल्या, सर्वांत खालच्या जागेवरून दोनदा जातो. दर वेळी कड्यांवर आणि वरच्या तुळईवर भार वाढतो आणि दोन्ही टोकांना तो कमी होतो. म्हणजे झोपाळ्याचा ठेका एक आणि तुळईला जाणवणारा ठेका त्याच्या दुप्पट. जुन्या कड्यांची करकर एका झोक्यात दोनदा ऐकू येते ती याच कारणाने.

समुद्रात हे केव्हा घडते? सारख्याच दोलनकालाच्या दोन लाटा समोरासमोरून आल्या तर. मग लाट पुढे सरकत नाही. पाणी जागच्या जागी उंचावते, सपाट होते, मग जिथे उंचवटा होता तिथे खळगा आणि खळग्याच्या जागी उंचवटा होतो, पुन्हा सपाट होते. पृष्ठभाग सपाट असतो तेव्हा त्या पाण्याचा गुरुत्वमध्य सर्वांत खाली असतो. उंचवटे झाले की, मग ते कुठल्याही बाजूचे असोत, तो किंचित वर चढतो. एका दोलनात हे दोनदा. एवढे मोठे पाणी वरखाली व्हायचे तर त्याचा भार कोणीतरी पेलला पाहिजे, आणि समुद्राच्या बाबतीत ती तुळई म्हणजे तळ. हा दाब साध्या लाटेच्या दाबासारखा खोलीबरोबर विरत नाही, कारण तो त्या सबंध पाण्याच्या वजनाशी निगडित असतो. दुप्पट ठेका आणि तळापर्यंतची पोच, दोन्ही गोष्टी एकाच चित्रातून बाहेर पडतात. समोरासमोरच्या लाटा समुद्रात नित्य भेटतात. वेगाने सरकणारे वादळ आपल्याच आधीच्या लाटांना गाठते, दोन वादळांच्या लाटा एकमेकींना छेदतात, किनाऱ्यावर आदळून परतणाऱ्या लाटा येणाऱ्यांना भेटतात. चक्रीवादळांचा कुलाब्याच्या नोंदींशी जुळलेला संबंध या गणिताने अर्थपूर्ण झाला.

याखेरीज लाटांच्याच ठेक्याने, दुपटीने नव्हे, येणारी एक क्षीण थरथरही असते. उथळ पाण्यात उतारावर चढणाऱ्या लाटांतून ती निर्माण होते. तिचा सैद्धांतिक उलगडा १९६३ साली क्लाउस हासेलमान यांनी केला. हे तेच हासेलमान, ज्यांना २०२१ साली हवामानाच्या प्रतिरूपांवरील कामासाठी भौतिकीच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्यांची सुरुवातीची पुष्कळ शक्ती समुद्राच्या लाटांवर खर्च झाली होती, हे नोबेलच्या बातम्यांत फारसे आले नाही.

त्याहून खोल आवाजही आहे. १९९८ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, भूकंप नसतानाही सबंध पृथ्वी काही मिनिटांच्या दोलनकालाने अखंड गुंजत असते. प्रथम संशय वातावरणावर गेला. २००४ साली बर्कली येथील जुनकी री आणि बार्बरा रोमानोविच यांनी कॅलिफोर्निया आणि जपानमधील यंत्रमालिका वापरून तो आवाज येतो कुठून ते शोधले. उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात तो उत्तर प्रशांत महासागरातून आणि दक्षिणेच्या हिवाळ्यात दक्षिणी महासागरांतून येत होता, म्हणजे जिथे वादळे, तिथून. तंबोऱ्याच्या खर्जासारखा हा स्वर वर्षभर लागलेला असतो. फक्त तो मानवी कानाच्या कक्षेच्या कितीतरी सप्तके खाली आहे.

आणि हा नेहमीचा स्वर पाठ असल्यामुळेच वेगळा स्वर ओळखता येतो. १६ सप्टेंबर २०२३ रोजी जगभरच्या यंत्रांवर एक विलक्षण शुद्ध स्पंदन सुरू झाले. दर ९२ सेकंदांनी एकदा, आणि ते तब्बल नऊ दिवस चालले. भूकंपाची नोंद खडबडीत, अनेक लहरींची मिसळ असते. इथे जणू एकच तार छेडली जात होती. सुरुवातीला तिची नोंद ‘अज्ञात भूकंपीय वस्तू’ अशी झाली. पंधरा देशांतील ६८ शास्त्रज्ञांनी मिळून वर्षभरात उत्तर शोधले. पूर्व ग्रीनलँडमधील डिक्सन फियॉर्ड या अरुंद खाडीत, पायथ्याची हिमनदी पातळ झाल्याने आधार गेलेला डोंगरकडा कोसळला होता. अडीच कोटी घनमीटर खडक आणि बर्फ पाण्यात पडले, सुमारे दोनशे मीटर उंचीची लाट उठली, आणि नंतर खाडीतले पाणी परातीतल्या पाण्यासारखे एका काठावरून दुसऱ्या काठावर नऊ दिवस हेलकावत राहिले. त्या हेलकाव्याचा भार दोन्ही कड्यांवर पडत होता आणि त्याचा ठोका सबंध पृथ्वीवर ऐकू येत होता. सुदैवाने तेव्हा तिथे कोणी नव्हते. पर्यटकांची जहाजे त्या मार्गाने जातात.

आता कॅलिफोर्नियाकडे. भूकंपात हानी कुठे होईल हे केंद्रापासूनच्या अंतराइतकेच, किंबहुना पुष्कळदा अधिक, जमिनीच्या जातीवर ठरते. १७ ऑक्टोबर १९८९चा लोमा प्रिएटा भूकंप सांताक्रूझच्या डोंगरात झाला. तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर, ओकलंडमधील सायप्रस हा दुमजली महामार्ग कोसळून ४२ माणसे दगावली. त्याचा जो भाग खाडीच्या मऊ चिखलावर उभा होता तो पडला. घट्ट वाळूवरचा उभा राहिला. रस्ता तोच, बांधणीचा काळ तोच, हादरा तोच. मऊ गाळात लहरींचा वेग मंदावतो, त्यांची उंची वाढते आणि खोऱ्याच्या काठांवरून परावर्तित होत त्या आत कोंडल्या जातात. म्हणून प्रत्येक खोऱ्याचा स्वभाव आधी कळणे आवश्यक असते. पण तो कळायचा कसा? भूकंपाची वाट पाहण्यात अर्थ नाही, आणि लाखो लोकांच्या वस्तीखाली सुरुंग लावून प्रयोग करता येत नाहीत.

समुद्र इथे उपयोगी पडतो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर, विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी, काही अंतरावरच्या दोन गच्च्यांवर दोन मित्र उभे राहून आपापल्या फोनवर आवाज मुद्रित करत आहेत अशी कल्पना करावी. दोन्ही मुद्रणांत नुसता गदारोळ आहे; ढोल, ताशे, शिट्ट्या, कर्णे. पण दोन्ही फिती शेजारी ठेवून एक दुसरीवर हळूहळू सरकवत गेले तर एका विशिष्ट अंतरावर त्या अचानक जुळतात, कारण एका गच्चीवरून पुढे गेलेला आवाज थोड्या वेळाने दुसरीवर पोहोचलेला असतो. त्या विलंबावरून आवाजाचा मधला प्रवास कळतो. एकेका ढोलाचा आवाज ओळखण्याची गरजच पडत नाही. गदारोळ जितका दीर्घ आणि चोहोबाजूंचा, तितके उत्तर स्पष्ट. दोन भूकंपमापकांच्या बाबतीत समुद्राच्या थरथरीवर हेच करता येते. मिळणारा निकाल असा असतो की जणू एका यंत्राच्या जागी छोटा भूकंप झाला आणि दुसऱ्याने त्याची नोंद घेतली.

२००५ साली निकोलाय शापिरो, मिशेल कांपियो आणि सहकाऱ्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील यंत्रांच्या केवळ एका महिन्याच्या गोंगाटावरून तेथील कवचाचा नकाशा काढला. गाळाची खोरी मंद गतीची आणि डोंगररांगा जलद गतीच्या म्हणून त्यात स्वच्छ दिसत होत्या. त्यानंतर या तंत्राचा जगभर प्रसार इतक्या वेगाने झाला की एकेकाळी फेकून दिला जाणारा भाग आज अनेक प्रयोगांचा मुख्य माल आहे.

आपल्या दृष्टीने त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग २०१४ सालचा आहे. तेव्हा स्टॅनफर्डमध्ये असलेल्या मारीन डेनोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाच्या दक्षिण टोकाशी काही महिने तात्पुरती यंत्रे बसवली. हा दक्षिणेकडचा भाग सुमारे तीनशे वर्षे मोठ्या भूकंपावाचून ताणलेला आहे. तिथली थरथर आणि लॉस एंजेलिस परिसरातील यंत्रांवरची थरथर जुळवून त्यांनी ‘आभासी भूकंप’ घडवले: प्रस्तरभंग तुटला तर शहरात काय पोहोचेल? महासंगणकावरील प्रतिरूपांनी आधीच एक अस्वस्थ करणारे भाकीत केले होते. भेग विशिष्ट दिशेने फाटत गेली, तर मधल्या गाळाच्या खोऱ्यांची साखळी पन्हाळासारखे काम करून लहरी थेट लॉस एंजेलिसमध्ये सोडेल. समुद्राने दिलेल्या उत्तराने त्याला दुजोरा दिला. खोऱ्यातील हादरा आसपासच्या भागाच्या सुमारे तिप्पट असू शकतो, असे त्यातून दिसले. या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती सांगायला हवी. समुद्राची थरथर अतिशय क्षीण असते. खऱ्या मोठ्या हादऱ्यात मऊ माती सैल होते, तिचे वागणे बदलते, आणि तो बदल या क्षीण लहरींना दिसत नाही. तरीही इमारतींचे नियम ठरवणाऱ्यांपाशी पूर्वी फक्त संगणकाचे भाकीत होते. आता त्याला प्रत्यक्ष मोजमापाची जोड आहे.

फ्रीमाँट, हेवर्ड, ओकलंड या पट्ट्यात तर प्रस्तरभंग वस्तीखालूनच गेला आहे. त्यावर २१ ऑक्टोबर १८६८ रोजी मोठा भूकंप झाला होता. घर घेताना शाळेचे गुण पाहणारे आपले लोक जमिनीचा नकाशा क्वचितच पाहतात, आणि घराच्या नेहमीच्या विम्यात भूकंप धरलेला नसतो, हे पुष्कळांना विमा नूतनीकरणाच्या वेळीही लक्षात येत नाही.

जमीन बदलते तीही याच आवाजातून ऐकू येते. पार्कफील्ड येथे सॅन अँड्रियासवर २८ सप्टेंबर २००४ रोजी ६ प्रतीचा भूकंप झाला. फ्लोराँ ब्रांगिए आणि सहकाऱ्यांनी तेथील अनेक वर्षांचा गोंगाट तपासला, तेव्हा भूकंपानंतर खडकांतून जाणाऱ्या लहरींचा वेग एकदम किंचित घटला आणि मग वर्षानुवर्षे हळूहळू सावरत गेला, असे आढळले. घट टक्क्याच्याही अंशाची होती. जखम भरून येताना पाहावी तसे हे होते, आणि ते पाहायला दुसऱ्या भूकंपाची आवश्यकता नव्हती.

इथवर आल्यावर एक शंका हमखास निघते. समुद्र जमीन हलवतो, तर तो भूकंपही घडवत असेल का? वादळ आले की व्हॉट्सॲपवर असे संदेश फिरतातच. उत्तर सावधपणे द्यावे लागते. २०१९ साली वेन्युआन फान आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांजवळ २००६ ते २०१५ या काळात दहा हजारांहून अधिक ‘वादळकंप’ शोधून काढले. साडेतीन प्रतीच्या भूकंपाएवढी त्यांची शक्ती असू शकते. परंतु ते खडक तुटल्याने होत नाहीत. वादळातल्या दीर्घ लाटा खंडाच्या उथळ कडेवर बडवतात त्याचे ते दणके असतात. भरती-ओहोटीच्या प्रचंड भाराने, आधीच तुटायला आलेला समुद्राखालचा प्रस्तरभंग थोडा लवकर तुटावा, असे आकडेवारीतून काही ठिकाणी दिसते. पण तो परिणाम क्षीण आहे आणि त्यावरून भाकीत करता येत नाही. कोयनेचे उदाहरण इथे काही जण देतील. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा तो भूकंप जलाशयाशी जोडला जातो हे खरे; मात्र तिथे धरणाच्या पाण्याचा स्थायी भार आणि खडकांच्या फटींत खोलवर मुरलेल्या पाण्याचा दाब यांचा प्रश्न आहे. लाटांशी त्याचा संबंध नाही.

समुद्राच्या थरथरीचा दुसरा मोठा उपयोग भूकंपाशी निगडितच नाही, आणि मला व्यक्तिशः तो सर्वांत लोभस वाटतो. लाटांची उंची मोजणारी तरंगती यंत्रे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे १९८०च्या सुमारास आली. त्यापूर्वीच्या लाटा कोणी मोजल्या? स्क्रिप्स संस्थेतील पीटर ब्रोमिर्स्की यांनी बर्कलीच्या जुन्या भूकंपनोंदींकडे मोर्चा वळवला. १९३१पासूनचे ते कागद भूकंपांसाठी जपले गेले होते. भूकंपांच्या मधली रिकामी थरथर कोणी वाचली नव्हती. विद्यार्थ्यांनी ते कागद साध्या स्कॅनरवर एकेक करून उतरवले. काम अनेक वर्षे चालले. अलीकडच्या, दोन्ही बाजूंनी मोजलेल्या काळावरून थरथर आणि लाटांची उंची यांचे नाते बसवले आणि मग ते मागे नेले. २०२३ साली निष्कर्ष आला. १९७०पासून कॅलिफोर्नियाच्या हिवाळी लाटांची सरासरी उंची सुमारे १३ टक्के, म्हणजे अंदाजे एक फूट, वाढली आहे. चार मीटरहून उंच लाटांचे प्रसंग १९४९ ते १९६९ या वीस वर्षांच्या तुलनेत १९९६ ते २०१६ या काळात सुमारे दुप्पट झाले. त्याच वर्षी रिक ॲस्टर आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या ५२ केंद्रांच्या, १९८०च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या नोंदी तपासल्या. समुद्राच्या थरथरीची शक्ती वर्षाला सरासरी ०.२७ टक्के वाढत होती, आणि २०००नंतर वाढीचा वेग ०.३५ टक्क्यांवर गेला होता. आकडे लहान वाटतात, पण ते चक्रवाढीने साचतात, आणि चढत्या समुद्रपातळीवर स्वार होऊन येणारी फूटभर उंच लाट मालिबू किंवा पॅसिफिकाच्या कड्यांवरच्या घरांना लहान वाटत नाही.

बर्कलीसारखे कागद जगात अनेक वेधशाळांच्या फडताळांत आहेत. भूकंपांचा भाग वाचून झाल्यावर त्यांचे काम संपले असे समजून अनेक ठिकाणी जागेच्या अडचणीपायी ते टाकूनही दिले गेले. बॅनर्जींनी वाचला तसा अरबी समुद्र, उपग्रहांच्या आधीचा, फक्त अशाच कागदांवर उरलेला आहे.

पृथ्वीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग पाण्याखाली आहे आणि तिथे कायमची यंत्रे फार थोडी आहेत, ही या सर्व संशोधनातली उणीव. ती भरून काढण्याचा मार्ग आता अनपेक्षित दिशेने येत आहे. २०१८च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरातील एक संशोधन-केबल वार्षिक देखभालीसाठी बंद होती. नेट लिंडसे आणि सहकाऱ्यांनी त्या चार दिवसांत तिच्या काचतंतूच्या एका टोकातून लेसरचे स्पंद सोडले. तंतू कुठेही केसाच्या अंशाने ताणला तर परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. त्या केबलचा वीस किलोमीटरचा भाग एकाएकी सुमारे दहा हजार भूकंपमापकांची रांग झाला. गिलरॉयजवळ झालेला ३.४ प्रतीचा भूकंप तिने पकडला, समुद्राखालचे पूर्वी नकाशावर नसलेले प्रस्तरभंग दाखवले, आणि वरून जाणाऱ्या लाटांचा दाब व त्यातून उठणारे सूक्ष्मकंप दोन्ही टिपले. ज्या जागी बॅनर्जींच्या कल्पनेत दाब तळाशी पोहोचत होता, तिथेच आता कान लावता येऊ लागला.

दीर्घ अंतराच्या केबलमध्ये ठरावीक टप्प्यांवर प्रकाश वाढवणारी साधने असतात, आणि ही पद्धत त्यांच्या पलीकडे जात नाही. म्हणून कॅलटेकच्या झोंगवेन झान यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निराळा मार्ग घेतला. लॉस एंजेलिस ते चिलीमधील वालपाराइसो अशी गुगलची ‘क्युरी’ केबल सुमारे दहा हजार किलोमीटरची. तिच्यातून नित्य जाणाऱ्या माहितीच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, किती ढळते एवढेच त्यांनी पाहिले. नवे यंत्र समुद्रात टाकले नाही आणि केबलचे कामही थांबवले नाही. नऊ महिन्यांत वीसच्या आसपास मध्यम व मोठे भूकंप आणि तीसच्या आसपास वादळी लाटांचे प्रसंग त्या प्रकाशात उमटले. केबलवर नेमका कुठे धक्का बसला हे या पद्धतीने सांगता येत नाही. सबंध दहा हजार किलोमीटरची बेरीज तेवढी मिळते. पुढचे काम त्या बेरजेची फोड करण्याचे आहे, आणि त्यासाठी दूरसंचार कंपन्यांनी आपल्या केबलमधला प्रकाश संशोधकांना पाहू द्यायला हवा.